चितकबरा मनी प्लांट घरात सांभाळताना

जुन्या वाड्यातून फ्लॅटमध्ये राहायला जाताना देव, पितळी भांडी आणि तुळशीचे रोप तर जातेच. पण बहुतेक घरांतून ओसरीवरच्या मनी प्लांटचा एक तुकडाही जातो. पानांवर चुना उडाल्यासारखे पांढरे शिंतोडे असलेली, खांबाला धरून वाढलेली ती वेल घरातल्या कुणीतरी लावलेली असते आणि ते माणूस आता असतेच असे नाही. फ्लॅटमध्ये तो तुकडा धरतो, लांबतो, टीव्हीच्या कपाटावरून खाली उतरतो. मग वर्ष-दीड वर्षाने कुणाच्या तरी लक्षात येते की नव्या पानांवर पांढरे काहीच उरलेले नाही. वेल तीच आहे, पण साधी हिरवी झाली आहे. दुसऱ्या घरी नेमके उलट होते: पाने पांढरीशुभ्र येतात आणि कडेने तपकिरी होऊन करपतात.

दोन्ही तक्रारी आपल्या इंदूरच्या मराठी घरांत नेहमी ऐकू येतात आणि दोन्हींवर बहुतेकजण एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी पाणी. त्याने रंग परत येत नाही, मुळे मात्र कुजतात. त्यामुळे आधी या पानांत काय घडते ते पाहू, देखभाल त्यानंतर.

ही वेल कोणती

आपण ज्याला मनी प्लांट म्हणतो त्याचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ स्थान पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधले मोरेआ बेट. १८८० मध्ये तिचे प्रथम वर्णन झाले तेव्हा तिला ‘पोथॉस’ या गटात टाकले गेले. पुढे नाव बदलत गेले आणि आजचे नाव १९६४ मध्ये मिळाले. ऑनलाइन दुकानांत मात्र अजूनही ‘पोथॉस’ हेच चालते. नाव ठरवायला इतका वेळ लागण्याचे एक कारण म्हणजे ही वेल जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही. म्हणजे जगभरच्या घरांतल्या वेली बियांपासून नव्हे, तुकड्यांपासून आलेल्या आहेत. आजीच्या ओसरीवरची वेल आणि तुमच्या कपाटावरची वेल ही आई-मुलगी नसून अक्षरशः एकच झाड आहे.

कूळ मात्र आपल्या ओळखीचे आहे: अळू आणि सुरणाचे. अळू नीट शिजले नाही तर घसा खवखवतो, तोच गुण हिच्यातही आहे. त्याबद्दल पुढे.

कोकणात आणि गोव्यात हीच वेल नारळावर किंवा फणसावर चढलेली पाहिली तर ओळखू येत नाही. पाने हात-हातभर लांब, फाटलेली. ही वेल वर चढताना पाने मोठी करते आणि लोंबताना लहान ठेवते. म्हणून टांगत्या कुंडीतल्या वेलीची पाने लहान राहिली तर तो आजार समजू नये. मोठी पाने हवी असतील तर काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवावी आणि वेल तिच्यावर बांधावी.

पांढरे का येते, का जाते

पानाचा हिरवा भाग हरितद्रव्याने प्रकाशापासून अन्न तयार करतो. पांढऱ्या किंवा पिवळट भागात हे द्रव्य नसते किंवा फारच थोडे असते, त्यामुळे तो भाग हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. अर्धे पान पांढरे असेल तर घरात एक कमावता आणि एक खाता अशी स्थिती असते. भरपूर उजेड असतो तोवर हा संसार चालतो. उजेड कमी झाला की वेलीच्या ज्या फांद्यांत हिरवे जास्त, त्यांना जास्त अन्न मिळते, त्या जोमाने वाढतात आणि पांढऱ्या मागे पडतात. काही महिन्यांत सगळी वेल हिरवी दिसते. वेल रुसलेली नाही, तिने अंधाऱ्या खोलीत जगण्याची सोय करून घेतली आहे.

एकदा हिरवे उमललेले पान पुन्हा चितकबरे होत नाही. कुंडी उजेडात नेली की जुन्या पानांवर रंग येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. जे काही बदलेल ते नव्या पानांत दिसेल. त्यासाठी उजेडाच्या जोडीला कात्रीही लागते.

वेलीचे खोड नीट पाहावे. चितकबऱ्या वेलीच्या खोडावर पांढरट रेघा असतात आणि प्रत्येक पेरापाशी, पानाच्या बगलेत, एक झोपलेला डोळा असतो. तो डोळा रेघेवर किंवा रेघेच्या कडेला असेल तर त्यातून चितकबरी फांदी फुटण्याची शक्यता चांगली. खोड त्या बाजूने पूर्ण हिरवे असेल तर फांदीही बहुधा हिरवीच येते. म्हणून हिरवी पडत चाललेली फांदी शेंड्याकडून मागे तपासत यावी, जिथे शेवटचे चांगले चितकबरे पान आहे आणि खोडावर रेघ आहे, त्या पेराच्या अर्धा-पाऊण इंच पुढे कापावे. चार फूट वेल कापायला हात धजत नाही, हे खरे. पण ती हिरवी फांदी ठेवली तर उरलेले पांढरे तिच्याच सावलीत संपते. कापलेला हिरवा भाग टाकू नका, तो दुसऱ्या कुंडीत साधा मनी प्लांट म्हणून छान वाढतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यालाही चालतो.

पूर्ण पांढरी फांदी आली तर ती दिसायला फार सुंदर असते. तिचे फोटो काढावेत, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये. ती स्वतःचे पोट भरू शकत नाही, कापून पाण्यात लावली तर काही दिवसांत वाळते. अशी फांदी वाढू लागली तर तीही मागच्या मिश्र पानापर्यंत छाटावी.

उजेड: कोणती खिडकी

नर्सरीवाले ‘सावलीचे झाड’ म्हणून ही वेल विकतात. साध्या हिरव्या मनी प्लांटपुरते ते खरे आहे, चितकबऱ्यासाठी नाही. सोपी परीक्षा अशी: दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी बसून, दिवा न लावता, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचता आल्या पाहिजेत. डोळे बारीक करावे लागत असतील तर ती जागा या वेलीसाठी अंधारीच.

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळी नऊपर्यंतचे कोवळे ऊन पानांना सोसते. पश्चिमेची खिडकी मार्च ते जूनमध्ये धोक्याची आहे, दुपारी तीननंतरचे ऊन पांढऱ्या भागावर कागद जळाल्यासारखे तपकिरी डाग पाडते. तिथे पातळ पांढरा पडदा हवाच, नाहीतर कुंडी खिडकीपासून चार-पाच फूट आत. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे ऊन खोलीत आतपर्यंत येते, तेव्हा वेलीला ते आवडते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि त्याच खिडकीत थेट ऊन फारसे येत नाही.

उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही असा समज आहे. आपण कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला राहतो. मे ते जुलैमध्ये सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. मेमध्ये उत्तरेच्या खिडकीतली पाने अचानक का करपली, याचे उत्तर बरेचदा हेच असते.

कुंडी अंधारातून उजेडात न्यायची तर एका दिवसात नेऊ नये. आठ-दहा दिवसांत थोडी थोडी सरकवावी.

पाणी: जिथे बहुतेक वेली मरतात

सकाळी तुळशीला पाणी घातले की तांब्यात उरलेले पाणी शेजारच्या मनी प्लांटला जाते. हा शिरस्ता प्रेमाचाच आहे, पण तुळस अंगणात, उन्हावाऱ्यात असते आणि मनी प्लांट घरात. त्याच्या कुंडीतले पाणी इतक्या लवकर उडत नाही. शिवाय चितकबऱ्या वेलीत कमावणारा हिरवा भाग कमी, वाढ मंद, म्हणून तिची पाण्याची गरज साध्या मनी प्लांटपेक्षाही कमी. रोजच्या तांब्याने माती कायम चिकट ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती काळी, गिळगिळीत होतात. वर पाने पिवळी पडतात, मलूल होतात. मलूल पान पाहून आपण आणखी पाणी घालतो.

तेव्हा वाराचा हिशेब सोडून बोटाचा हिशेब धरावा. बोट मातीत दोन पेरे खाली घालावे, कोरडे लागले तर पाणी, ओल लागली तर नाही. कुंडी लहान असेल तर उचलून पाहावी, कोरडी कुंडी हाताला चक्क हलकी लागते. अंदाज म्हणून सांगायचे तर आपल्याकडे मे महिन्यात चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि डिसेंबर-जानेवारीत बारा-पंधरा दिवसांनी वेळ येते. टांगती कुंडी चोहीकडून वारा लागल्याने लवकर सुकते. पाणी घालताना तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले अर्ध्या तासाने ओतून टाकावे.

कोणते पाणी, हेही इथे महत्त्वाचे. नळाला येणारे नर्मदेचे पाणी चालते. माळव्यातल्या काळ्या खडकातून येणारे बोअरिंगचे पाणी बरेच ठिकाणी जड असते. त्याने पानांवर पांढरे ठिपके राहतात आणि कुंडीच्या कडेला क्षाराचा थर धरतो. तसा थर दिसला तर दोन महिन्यांतून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुतल्यासारखी भिजवावी, म्हणजे भरपूर पाणी ओतून सगळे खाली निथळू द्यावे.

दोन पाणी मात्र कुंडीत घालूच नयेत. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे ‘वाया जाणारे’ पाणी वाचवून झाडांना घालण्याची पद्धत वाढली आहे. हेतू चांगला, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला वापरा, या वेलीला नको. दुसरे कूलरच्या टाकीतले. उन्हाळाभर पाणी उडत राहते आणि क्षार टाकीत साठत जातात. याउलट एसीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते, ते बादलीत धरून खुशाल वापरावे. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम.

पाने पिवळी पडून मुळे कुजल्याची शंका आली तर वेळ न घालवता रोप उपसावे. पांढरी-फिकट, घट्ट मुळे ठेवावीत, काळी, वास येणारी कापावीत आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावावे. सगळीच गेली असतील तर वेलीचा वरचा निरोगी भाग कापून नव्याने मुळे फुटू द्यावीत. मातीतले झाड वाचले नाही तरी वेल वाचते.

माती आणि खत

माळव्याची काळी माती गव्हाला आणि सोयाबीनला सोन्यासारखी, कुंडीला नाही. ती पाण्याने फुगते, सुकली की भेगाळते आणि मुळे ओढते. अंगणातून खणून आणलेली काळी माती तशीच कुंडीत भरली की वेलीचे हाल सुरू. दोन भाग कोकोपीट, एक भाग जाडसर वाळू किंवा पर्लाइट, एक भाग पूर्ण मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत, त्यात मूठभर लाकडी कोळशाचे बारीक तुकडे, एवढे पुरे. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळावी, त्यात कधीकधी मीठ असते. कुंडी सहा इंची, तळाला भोक असलेली. ‘वेल मोठी होईल’ म्हणून बारा इंची कुंडी घेतली तर न वापरलेल्या मातीत ओल साठते आणि मुळे कुजतात.

खत फेब्रुवारीअखेर ते सप्टेंबर. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. जास्त खत देऊन पांढरे वाढत नाही, उलट पांढऱ्या कडा जळतात. थंडीत खत बंद.

आपल्याकडचे ऋतू

ही बेटावरची, दमट हवेची वेल आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो व कोरडी झळ वाहते. पानांच्या पांढऱ्या कडा तपकिरी होण्याचे दिवस हेच. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट असते, ती वेलीला मानवते, फक्त कूलरच्या झोताच्या तोंडावर कुंडी नको. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते. तिथे चार-पाच कुंड्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींच्या आधाराने ओल टिकते. दिवसातून दोनदा फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याची ओल काही मिनिटांत उडते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने पुसणे अधिक उपयोगी, धूळ गेली की उजेडही जास्त मिळतो.

थंडीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. पंधरा अंशांखाली ही वेल थबकते, दहाखाली पाने काळवंडू शकतात. गॅलरीतली कुंडी दिवाळीनंतर आत घ्यावी, रात्री खिडकीच्या काचेला पान टेकू देऊ नये. जानेवारीत नवे पान आले नाही म्हणून काळजी नको.

राजवाडा परिसरात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. रंगपंचमीच्या गेरीत रंग वरच्या मजल्यांपर्यंत उडतो. गॅलरीतल्या टांगत्या कुंड्या आदल्या रात्री आत घ्याव्यात. गुलाल बसलाच तर त्याच दिवशी साध्या पाण्याखाली पाने धुवावीत, वाळलेला रंग पुसताना पान ओरखडते.

बाटलीतला मनी प्लांट

पाण्याच्या बाटलीत ही वेल वर्षानुवर्षे जगते, चितकबरीही, जरा हळू वाढते इतकेच. पण बाटलीतल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर पाणी आठवड्याला बदलायचेच, आणि नुसते बदलून भागत नाही. अंडी काचेला आतून, पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात, तिथे ब्रश फिरवावा. मुळांवरूनही पाणी सोडावे. हे होणार नसेल तर तोंडावर बारीक जाळी बांधावी किंवा वेल सरळ मातीत लावावी. गडद रंगाची बाटली घेतली तर शेवाळ कमी धरते.

लहान मुले आणि मांजरे

वर अळूचा उल्लेख आला तो यासाठी. मनी प्लांटच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रे पान चावले तर तोंडात आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजते. तोंड पुसून धुवावे, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे, ओकारी काढायला लावू नये. सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट डॉक्टर. लोंबणारी वेल मुलाच्या हाताच्या उंचीवर येऊ न देणे हा त्यातला सोपा भाग. छाटणी केल्यावर हात धुवावेत, काहींना चीक लागून खाज येते.

हवा शुद्ध करण्याबद्दल: १९८९ च्या नासाच्या प्रयोगात ही वेल होती, पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. राहत्या खोलीत दोन कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. खिडकी उघडणे जास्त कामाचे.

कीड

पेराच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. चितकबऱ्या पानांवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून पुसताना पानामागे पाहावे. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसावेत, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल व काही थेंब साबण मिसळून आठ दिवसांच्या अंतराने तीनदा, संध्याकाळी फवारावे. उन्हाळ्यात बारीक जाळे दिसले तर लाल कोळी. पाने दोन्ही बाजूंनी जोरात धुतली तरी तो बराच कमी होतो.

तुकडा घेणे आणि देणे

मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो, असे आपल्यातले बरेचजण अजून हसत हसत म्हणतात. चितकबऱ्याबाबत चोरी तोट्याची आहे, कारण घाईत माणूस दोन पेरांच्या मधला नुसता दांडा तोडतो. मुळे फुटतात ती पेरापासून, दांड्यापासून नाही. मागून घ्यावा, म्हणजे रेघ पाहून, दोन-तीन पेरे आणि दोन मिश्र रंगाची पाने असलेला तुकडा निवडता येतो. खालचे पान काढून ते पेर पाण्यात बुडवावे, उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळे येतात. बोटभर झाली की कुंडीत लावावा, फार दिवस पाण्यात राहिलेली मुळे मातीत रुळायला वेळ लावतात. नवीन विकत घ्यायचाच तर ‘मार्बल क्वीन’ सर्वत्र मिळतो. ‘एन-जॉय’ आणि ‘मंजुळा’ या दोन जाती भारतातच निवडलेल्या आहेत, पांढरे जास्त आणि ठळक, पण तितक्याच मंद वाढणाऱ्या व उजेडाच्या हट्टी.

घरच्या जुन्या वेलीचे एकच रोप आपल्याकडे ठेवणे धोक्याचे. एक भाऊबंदांकडे, एक शेजारी असू द्यावे, आपली गेली तर तिथून परत आणता येते. पुण्याला किंवा बडोद्याला पाठवायचा असेल तर तुकड्याचे पेर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळावे, पाने कोरडी ठेवावीत आणि दोन-चार भोके पाडलेल्या पिशवीत घालून वरच्या बाजूला ठेवावे. तीन-चार दिवस तो सहज टिकतो. मे महिन्याच्या दुपारी मोटारीच्या डिकीत मात्र एक तासही नाही.